चिमणीच्या मागच्या पायांचं दुखणं

"आधी मागून बघा, मॅडम. मागून बघितल्याबिगर काय कळत न्हाई."

दवाखान्याच्या फाटकातून आत येण्याआधीच ते हे म्हणायचे. मग कुत्रीची साखळी आमच्या परिचरांच्या हातात द्यायचे, तिला पुढे चालवायला सांगायचे, आणि स्वतः दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, एक डोळा मिटून, तिच्या पाठीच्या रेषेत वाकून बघत राहायचे. रूळ सरळ आहे की कुठे बाक आलाय, हे बघायला रेल्वेची माणसं असं वाकतात. त्यांची सगळी हयात त्यातच गेली होती. सेलूच्या अलीकडे-पलीकडे रुळांवर काम करणाऱ्या गँगमध्ये ते लागले, शेवटी त्या गँगचे मुकादम झाले, आणि निवृत्त होऊन वालूरला घर बांधून राहिले. गाव त्यांना मुकादमच म्हणायचं. मी समोर 'मामा' म्हणायचे.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, की या माणसाच्या पोटात काही राहत नसणार. मलाही तेच वाटलं होतं.

वालूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक. दिवसभर म्हशी, गाई, शेळ्या. कुत्रं कुणी आणायचं नाही. कुत्र्याला कसला आलाय दवाखाना, असं लोकांचं म्हणणं. त्यामुळे चिमणी पहिल्यांदा आली तेव्हा मी मनातून खूश झाले. कॉलेजात शिकलेलं काहीतरी आता वापरायला मिळणार होतं.

चिमणी म्हणजे चांगली धिप्पाड अल्सेशियन कुत्री. कुणा कापसाच्या जिनिंगवाल्याने राखणीसाठी पिल्लू आणलं. वर्ष-दीड वर्षाची होते न होते तोच ती मागून लचकायला लागली. लंगडं कुत्रं राखणीला काय कामाचं, म्हणून तिला गेटाबाहेर काढलं. मुकादम त्या दिवशी सेलूला गेले होते. येताना तिला रिक्षात घालून घेऊन आले.

"आणि नाव चिमणी?" मी विचारलं.

"आमच्या म्हातारीनं ठेवलं. ती म्हनली, एवढं धूड अन् आवाज बगा, चिमनीवानी."

म्हातारी म्हणजे त्यांची बायको. तिला मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं. मुलगा पुण्याला कारखान्यात. घरात ही दोघं आणि आता ही कुत्री.

मी चिमणीला तपासलं. उठताना ती पुढचे पाय रोवायची आणि मागचा भाग ओढून वर घ्यायची. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकायची. मांड्यांचं मांस उतरलं होतं. मागचा पाय धरून मागे ताणला की मान वळवून माझ्या हाताकडे बघायची. चावायची मात्र नाही.

"खुब्याचा सांधा आहे मामा," मी म्हणाले, आणि एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून दाखवली. "हा मांडीच्या हाडाचा गोळा, ही वाटी. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत काहींची वाटी उथळ असते. गोळा घट्ट बसत नाही. हलतो, घासतो, सांधा झिजतो, दुखतो."

"म्हंजी फिशप्लेट ढिली हाय म्हना." दोन रूळ जिथे जुळतात तिथे बसवलेल्या लोखंडी पट्टीबद्दल ते बोलत होते. "गाडी जाईल, पन आवाज करील."

मला ती उपमा इतकी आवडली की मी ती पुढे कितीतरी जणांना सांगितली. वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत फरशीवर चालवायचं नाही, रोज थोडं थोडं फिरवायचं, असं सांगून गोळ्या दिल्या. मला वाटलं, झालं.

पुढच्या गुरुवारी ते परत आले. आधी मागून बघून झालं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खुब्यातलं वाटंना. मनक्यातलं हाय."

"कशावरून?"

"पाय उलटा पडायलाय अन् तिला कळंना."

मी सावध झाले. खुबा दुखत असला तरी आपला पंजा कुठे आहे हे कुत्र्याला पक्कं ठाऊक असतं. कमरेच्या खालच्या मणक्यात नस दाबली गेली, की पंजा हरवतो. पालथा पडला तरी त्याला खबर नसते. ते तपासायची एक सोपी रीत आहे. कुत्र्याला उभं करायचं, मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवायचा आणि बघायचं. चिमणीचा पंजा मी उलटा केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिने तो सरळ केला. दुसरा केला, तोही. दहा वेळा केलं. शेवटी तिला तो खेळ वाटायला लागला.

"कळतंय की हो तिला," मी म्हणाले.

"आता कळायलंय," ते म्हणाले. "घरी कळंना."

मी नखं बघितली. पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्याची नखं पुढून घासतात. चिमणीची शाबूत होती. मी तिच्या चालीचा व्हिडिओ काढून कॉलेजातल्या माझ्या सरांना पाठवला. सरांचा फोन आला, "खुबा आहे. मालकाचं ऐकून घ्यायचं, पण जनावराचं मानायचं." तरी माझं मन धजेना. एक्स-रे काढायला सांगितलं. मुकादम टेम्पोत बसवून चिमणीला परभणीला घेऊन गेले आणि एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून परतले. खुब्याच्या दोन्ही वाट्या उथळ, कडा झिजलेल्या. मणके मात्र ओळीत, सुरेख.

त्यांनी ती काळी फिल्म खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला.

"लाइन तर सरळ हाय."

"तेच तर म्हणतेय मी."

"मंग तिला कळंना कामून?"

मी सांगितलं, की यात फक्त हाडं दिसतात. नस दिसत नाही. नस बघायचं मोठं यंत्र असतं, ते कुत्र्यांसाठी इकडे कुठे नाही.

"म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाई?"

"नाही, मामा."

त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला चमत्कारिक वाटलं. कुत्रीवर जीव असणं मी समजू शकत होते. पण ही भीती जरा जास्तच मोठी होती, आणि समोर ती कुत्री तर शेपूट हलवत उभी होती.

त्यानंतरचे काही गुरुवार मी आयुष्यात विसरणार नाही. टेबलावरची चिमणी दर आठवड्याला सुधारत होती आणि मुकादमांच्या तोंडातली चिमणी दर आठवड्याला बिघडत होती. ते सांगायचे ते सगळं पुस्तकात मणक्याच्या पानावर होतं. मी बघायचे ते सगळं खुब्याच्या पानावर. मी दोन्ही पानं इतक्या वेळा वाचली, की आपल्याला काहीच येत नाही अशी माझी खात्री व्हायला लागली.

एकदा म्हणाले, "मांडीच्या आतून मुंग्या येतेत."

आमचे परिचर खो खो हसले. मीही हसले. "मामा, हे चिमणीनं सांगितलं तुम्हाला?"

"तसंच समजा," ते म्हणाले, आणि ते हसले नाहीत. जरा थांबून त्यांनी विचारलं, "पहिलं लय दुखायचं. ठणकायचं. आता दुखायचं कमी झालंय. म्हंजी बरंच व्हायलंय ना?"

"ताकद तशीच आहे का?"

"ताकद गेली."

"मग ते बरं नव्हे. दुखतंय तोवर नस जिवंत असते. दुखणं गेलं आणि ताकदही गेली, तर वाईट."

ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. चिमणी त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली, मागच्या दोन्ही पायांवर नीट भार देऊन. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. जाता जाता मी तिच्या पायांना हात लावून बघितला. गरम, भरलेले, जिवंत पाय.

पुढच्या गुरुवारी ते एकटेच आले. मागून बघा म्हणायला पुढे कुणी नव्हतंच. टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले आणि बसता बसताच सांगायला लागले, जणू वाटेत पाठ करत आले होते.

"मॅडम, लघवीचं कळंना झालंय. कालपासून. लुगडं भिजलं म्हंजी मंग ध्यानात येतंय."

माझा पेन 'कालपासून'पर्यंत लिहून थांबला.

"लुगडं?" मी म्हणाले.

ते खिडकीबाहेर बांधलेल्या म्हशीकडे बघत होते. परिचर बाहेर गेले.

"मामा, कुणाचं?"

टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "तिनं शपथ घातलीय. मान्साच्या डॉक्टरला सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल, म्हनली." आणि अगदी सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी तर जनावराच्या."

म्हातारीच्या पायातून चप्पल निसटते आणि तिला कळत नाही, त्याचा त्यांनी उलटा पंजा केला होता. मुंग्या तिच्या. गेलेलं दुखणं तिचं, गेलेली ताकद तिची. दोन महिने मी एकाच केसपेपरवर दोन जीव लिहीत होते. म्हातारीला त्यातून वजा केलं, तर उरली ती साधीसुधी खुब्याची कुत्री, पहिल्या दिवशी मी सांगितली होती तशीच.

राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कुत्र्यात हे लक्षण दिसलं तर आम्ही एक दिवसही थांबत नाही. माणसातही थांबत नसणार, एवढं मला कळत होतं. पण माझा अधिकार काय? मी त्यांच्या घरी जाऊन बोलणार कोण म्हणून? डोक्यात काही ठरत नव्हतं. तरी बॅग उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

म्हातारी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बारीक, सावळी, डोळे तरतरीत. मला बघून म्हणाली, "या मॅडम. कुत्रीसाठी आलाव का? हे लय बेजार करतेत तुमाला. तिला काय धाड भरलीय? भाकरी खायलीय चांगली."

तिच्या नवऱ्याने जे केलं तेच मी केलं. चिमणीला बोलावलं, बाजेपाशी उभं केलं, आणि तिचा पंजा उलटा टेकवला. तिने सरळ केला.

"हे बघा मावशी. हिचा खुबा खराब आहे. हिला दुखतं. पण पाय कुठे आहे हे हिला कळतं. दुखत असलं तरी ही जगेल. ज्या कुत्रीला पाय उलटा पडल्याचं कळत नाही, लघवी झाल्याचं कळत नाही, तिचं मणक्यातलं असतं. तिथे दिवस घालवला तर पाय परत येत नाहीत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं.

"ह्यायनी सांगितलं?"

"नाही. त्यांनी फक्त चिमणीचं सांगितलं."

"लय बेरकी मानूस हाय," ती म्हणाली. हसू येतंय की रडू, हे तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. मग म्हणाली, "माझ्या थोरल्या भैनीचं कंबरचं आपरेशन केलं. ती चालत गेल्ती, मॅडम. चालत. तिथून खाटंवर आली ती उठलीच न्हाई."

ऑपरेशन केलं तर बरं होईल, असं मी सांगू शकत नव्हते. मी तिची डॉक्टर नव्हते. मी एवढंच बोलले, "काय होईल ते मला माहीत नाही, मावशी. थांबल्यावर काय होतं, ते मी जनावरांत बघितलंय."

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग पदर सावरून दोन्ही पाय बाजेवर लांब केले.

"माझं बगा," ती म्हणाली. "कुत्रीचं बघितलं तसं."

"मावशी, मी..."

"बगा वो."

मी तिला डोळे मिटायला सांगितले. उजव्या पायाचा अंगठा धरला. पाय थंड होता. अंगठा वर उचलला, खाली दाबला, परत वर. बाहेर कुणीतरी शेळ्या घेऊन चाललं होतं, घुंगरांचा आवाज येत होता. तिचे डोळे घट्ट मिटलेले, सगळं लक्ष पायाकडे, शाळेतल्या पोरीसारखं.

"करा की," ती म्हणाली.

"झालं, मावशी."

तिने डोळे उघडले. माझ्या बोटांत अजून तिचा अंगठा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसं. दारातून मुकादम आत आले, खाली बसले आणि ज्या पायाला काही कळत नव्हतं त्यावर त्यांनी हात ठेवला.

"जीप बोलवा," ती म्हणाली.

त्याच दुपारी म्हातारीला परभणीला नेलं, तिथून आणखी पुढे मोठ्या दवाखान्यात. मुलगा पुण्याहून थेट तिकडेच गेला. चिमणीची साखळी मुकादमांनी माझ्या हातात दिली. कुत्री दीड महिना माझ्या खोलीत राहिली आणि माझ्या एकुलत्या एका गादीवर झोपली.

ऑपरेशन झालं. खालच्या मणक्यांमधली गादी सरकून नसांच्या जुडग्यावर बसली होती. आणखी उशीर झाला असता तर पाय गेले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी आली असती तर पूर्ण बरी झाली असती, असंही सांगितलं. मुकादमांनी दोन्ही वाक्यं मला जशीच्या तशी ऐकवली आणि विचारलं, "मंग आमी येळंवर गेलो का न्हाई?" मला तेव्हाही सांगता आलं नाही. ती वॉकर धरून अंगणात चालायला लागली. डाव्या पायात थोडी ताकद आली, उजवा मात्र जरा परकाच राहिला. लघवी कळायला लागली. एवढ्यावर ती खूश होती.

तिनेच मला सांगितलं, की त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून काय काय होतंय? मुकादमांनी घडाघडा सांगितलं: कोणत्या आठवड्यात मुंग्या, कोणत्या आठवड्यात दुखणं कमी, कोणत्या आठवड्यात ताकद. डॉक्टर चकित झाले. एवढं नीट कुणी लिहून ठेवलं? "आमच्या डॉक्टरीनबाईनं." कुठे असतात त्या? तर हे म्हणाले, "वालूरला. खुब्याच्या अन् मनक्याच्या हायेत."

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, "मामा, त्या दिवशी लुगडं शब्द चुकून निघाला, का मुद्दाम काढला?"

"अख्खी गँग माझ्या तोंडाकडं बघून पहार उचलायची," ते म्हणाले. "माझ्या तोंडातून चुकून काय निघंल?" मग थोडं थांबून, चिमणीच्या कानामागे खाजवत, "पन त्या दिवशी चुकून निघाला असंल बगा. म्या कशाला शपथ मोडीन?" यातलं खरं कोणतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

चिमणी त्यानंतर चार वर्षं जगली. थंडीत आखडायची, उन्हाळ्यात मोकळी व्हायची, आणि सशासारखी पळायची. गेल्या वर्षी ती कावीळ होऊन गेली. खुब्याचा काही संबंध नव्हता. मुकादमांनी तिला घरामागे लिंबाखाली पुरलं. मी गेले होते. ते बाजूला उभे राहिले, माती लोटायला त्यांनी दुसऱ्याला सांगितलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ते दवाखान्यात आले. आमच्याकडे लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची धांदल चालली होती. अंगणभर गुरं, आरडाओरडा. ते बाकावर बसले. मी लांबून ओरडून विचारलं, "काय मामा, काय काम होतं?"

"काय न्हाई. बाजाराला आल्तो."

त्या दिवशी बाजार नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं, आणि एका गायीनं लाथ झाडली, आणि ते ध्यानातून गेलं. तासाभराने परत बघितलं तर ते तिथेच. मी पाणी दिलं. "मावशी बऱ्या आहेत ना?" "बरी हाय." "मग तुम्हाला काही होतंय का?" माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी काहीतरी अवघड विचारलंय. त्यांच्या उजव्या हाताची मूठ साखळी धरल्यासारखी मिटली होती. त्यांनी आजूबाजूला बघितलं, बांधलेल्या गुरांकडे, एकेकाकडे; त्यांतलं त्यांचं एकही नव्हतं. मग म्हणाले, "करा तुमचं काम. लोक खोळंबलेत."

आठ दिवसांनी ते गेले. अंघोळीला पाणी घेताना बसले, ते बसलेच. मी भेटायला गेले तेव्हा म्हातारी वॉकरला धरून दारात उभी होती. तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "तुमाला काय बोलले का हो, दवाखान्यात आल्ते त्या दिवशी?"

"नाही, मावशी."

"मलाबी न्हाई," ती म्हणाली, आणि वॉकर सरकवून मला आत यायला वाट दिली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फाटकातून बाहेर पडताना. पाणी पिऊन त्यांनी पेला बाकावर ठेवला, टोपी घातली आणि गुरांच्या गर्दीतून वाट काढत रस्त्यावर गेले. तिथे थांबले. त्यांचं घर उजव्या हाताला. ते थोडा वेळ उजवीकडे बघत उभे होते, आणि मग डावीकडे वळून चालायला लागले.